पोलीस, त्यांचं घर आणि मनाचं आरोग्य : गोव्यातली कुटुंबं वारंवार विचारतात ते प्रश्न

माझे वडील पोलिसांत हवालदार होते. घरी आले की कमरेचा पट्टा काढून दारामागच्या खिळ्याला अडकवायचे. बक्कल भिंतीवर आपटलं की आम्ही भावंडं पुस्तकात डोकं घालायचो. ते हळूच टेकलं तर आई चहा टाकायची आणि आम्ही त्यांच्या पुढ्यात जाऊन बसायचो. आमची संध्याकाळ कशी जाणार हे त्या आवाजावर ठरायचं. आता मी समुपदेशक म्हणून काम करते. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे पोलीस आणि त्यांच्या घरची माणसं माझ्याकडे येतात आणि बहुतेक सगळे तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. ही वाचून कुणाच्या आजाराचं निदान करू नका, ते डॉक्टरांचं काम आहे. कुणाकडे जायचं आणि कधी जायचं, एवढं यातून कळावं.

मला तसं काही झालेलं नाही. झोप लागत नाही आणि चिडचिड होते, इतकंच. एवढ्यासाठी कुणाला भेटायचं का?

भेटा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक पोलिसांनी पहिलं वाक्य हेच उच्चारलं आहे. झोप, चिडचिड, छातीत धडधड, पोटाच्या तक्रारी, वाढलेलं ब्लड प्रेशर, अशी शरीराची वाट धरूनच मनाचा ताण बाहेर येतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल, तर नैराश्याची शक्यता डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवी.

आणि हे तुमच्या एकट्याचं नाही. ‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस’ या संस्थांनी २०१९ साली देशातल्या पोलिसांचा अभ्यास केला, तेव्हा सरासरी ड्युटी दिवसाला १४ तास निघाली. कामाच्या बोज्याचा शरीरावर आणि मनावर परिणाम होतो, असं चारपैकी तिघांनी सांगितलं. गोव्यात नोव्हेंबरात इफ्फीचा चित्रपट महोत्सव, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, मग नाताळ, थर्टी फर्स्ट, कार्निव्हल, शिगमो आणि मध्ये मंत्र्यांचे दौरे, गावोगावच्या जत्रा. बंदोबस्ताची ही माळ मार्चपर्यंत तुटत नाही. इतके महिने अपुऱ्या झोपेवर काढलेला माणूस चिडला तर त्याच्या स्वभावाला दोष देऊन चालणार नाही.

घरच्यांनी नेमकं कशाकडे लक्ष ठेवायचं?

बदलाकडे. मुळातच कमी बोलणारा माणूस गप्प बसला तर त्यात विशेष काही नसतं. पण रोज जेवताना ठाण्यातल्या गमती सांगणारा माणूस महिनाभर ताटाकडे बघून जेवत असेल, तर ते लक्षात घ्या. घरी आल्यावर बराच वेळ गाडीतच बसून राहणं, कुकरच्या शिट्टीने दचकणं, हॉटेलात दरवाजाकडे तोंड करूनच बसण्याचा हट्ट, मुलांच्या साध्या आवाजाने भडकणं, मित्रांचे फोन न उचलणं. एका बाईंनी मला सांगितलं, “ते आता मासळी आणायला बाजारात जात नाहीत.” ऐकायला किरकोळ वाटतं. पण वीस वर्षं दर रविवारी स्वतः पारखून इस्वण आणणारा माणूस होता तो, आणि गर्दीत त्याचा श्वास कोंडायला लागला होता. बायकोच्या आधी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

अपघाताचा पंचनामा केल्यापासून तेच चित्र डोळ्यांसमोर येतं. हे किती दिवस चालणार?

हायवेवरचा अपघात, समुद्रात बुडालेला पर्यटक, गळफास घेतलेलं तरुण पोर. हे सगळं आधी पोलीस बघतो, मग बाकीचे. त्यानंतर काही दिवस झोपेत दचकणं, त्या जागेवरून जाणं टाळणं, तो वास पुन्हा नाकाशी येणं, हे मनाचं साहजिक वागणं आहे. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. एक महिना उलटूनही ते तसंच राहिलं किंवा वाढलं तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. याला आघातानंतरचा ताणविकार म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. आघाताच्या आठवणीवर तज्ज्ञासोबत टप्प्याटप्प्याने काम करण्याच्या मानसोपचार पद्धती आहेत, गरज पडली तर औषधंही आहेत.

सहकाऱ्यांना आणि घरच्यांना एक विनंती. “काय काय बघितलंस, सगळं सांगून टाक, मोकळा हो,” असा आग्रह पहिल्या दिवशी धरू नका. जबरदस्तीने सगळं बोलायला लावल्याने फायदा होत नाही, उलट काहींना त्रासच होतो. पाणी द्या, जेवायला घाला, झोपू द्या, जवळ बसा. तो बोलायला लागला की ऐका.

लहान मुलाचा मृतदेह हाताळून घरी आलेले एक कॉन्स्टेबल आपल्या मुलीला जवळ घेईनात. बायकोला वाटलं, मुलीवरची माया आटली. खरं कारण ते माझ्याकडे तिसऱ्या भेटीत बोलले. हात कितीही धुतले तरी स्वच्छ वाटत नव्हते, त्या हातांनी पोरीला कसं धरायचं?

नाईट ड्युटीनंतर दिवसा झोपच येत नाही. काय करू?

सकाळी सातला घरी परतताना ऊन डोळ्यांवर येतं आणि शरीराला वाटतं दिवस सुरू झाला. म्हणून घरी येताना काळा चष्मा लावा आणि खोलीला जाड पडदे लावा. ड्युटी संपायच्या निदान सहा तास आधी चहा-कॉफी थांबवा. एका दमात झोप होत नसेल तर सकाळी चार-पाच तास आणि ड्युटीला जाण्याआधी दीड-दोन तास, अशी दोन तुकड्यांत घ्या. फोन स्वयंपाकघरात ठेवा. डोळे मिटत असताना दुचाकी चालवू नका, ठाण्यातच वीस मिनिटं डुलकी काढून मग निघा.

पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू, शेजारच्यांचा मिक्सर, कुरियरवाल्याची बेल हे बंद करता येणार नाही. पण घरातल्यांनी दारावर “झोपले आहेत” अशी पाटी लावली तर फरक पडतो. क्वार्टर्समध्ये आमच्या दारावर आईच्या हातची अशी पाटी असायची. शेजारच्यांनीही मग तशाच केल्या.

उपचार घेतल्याचं ठाण्यात कळलं तर? प्रमोशन जाईल? साइड पोस्टिंग मिळेल?

लोक सगळ्यात हळू आवाजात विचारतात तो हा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क तुम्हाला आहे. डॉक्टर आणि समुपदेशक ती परस्पर तुमच्या निरीक्षकांना सांगू शकत नाहीत. याला काही अपवाद आहेत. कुणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा किंवा सक्षम प्राधिकरणाचा आदेश असेल, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल, तुम्ही नेमलेल्या प्रतिनिधीला किंवा तुमच्यावर उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला उपचारासाठी सांगणं भाग असेल, तर गरजेपुरती माहिती दिली जाते. पहिल्याच भेटीत हे डॉक्टरांना विचारा. “मी सांगतो ते कुठे लिहिलं जातं, कोण वाचतं?” असं विचारल्याचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. आजारपणाची रजा घ्यायची असेल तर प्रमाणपत्रावर काय लिहिलं जाणार आहे, तेही आधीच बोलून घ्या.

नोकरीचं म्हणाल तर डिसेंबर २०२१ मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल पोलिसांनी माहीत करून घ्यावा असा आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातला एक अधिकारी मानसिक आजाराशी झुंजत होता आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली होती. ज्या वर्तनामागे मानसिक अपंगत्व हे एक कारण आहे, त्यासाठी अशी कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असं न्यायालयाने म्हटलं आणि ती कारवाई रद्द केली. सध्याच्या कामासाठी तो योग्य नाही असं आढळलं तर त्याला दुसरं काम द्यावं, ते हत्याराशी संबंध नसलेलं असू शकतं, पण पगार आणि सेवाशर्ती राखल्या पाहिजेत, असंही सांगितलं. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २० याच्या मुळाशी आहे.

आता माझं मत. कायदा तुमच्या बाजूने असला तरी ठाण्यातली कुजबुज कायदा थांबवत नाही, हे मी जाणते. म्हणून कुणाला सांगायचं हे तुम्ही ठरवा, सगळ्यांना सांगायची सक्ती नाही. पण बदनामीच्या भीतीने उपचार टाळलेल्यांची नोकरी शेवटी गैरहजेरी, दारू किंवा हातघाईच्या प्रसंगातून अडचणीत आलेली मी पाहिली आहे. वेळेवर औषध घेतलेले बरेच जण मात्र आज बिनबोभाट ड्युटी करतात.

बांबोळीला जायचं म्हणजे लोक वेडा म्हणतील ना?

बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे मनोचिकित्सा आणि मानवी वर्तन संस्था, गोवा मेडिकल कॉलेजच्या (गोमेकॉच्या) जवळच आहे आणि तिच्या बाह्यरुग्ण विभागात झोपेच्या, भीतीच्या, दारूच्या तक्रारी घेऊन रोज साधी माणसं येतात. तो दरवाजा पोलिसांना परका नाही. निराधार भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणाखाली घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायची जबाबदारी याच २०१७ च्या कायद्याच्या कलम १०० ने ठाण्याच्या प्रमुखावर टाकली आहे. दुसऱ्यांना घेऊन तुम्ही कितीदा तिथे गेला असाल.

पूर्वी हे इस्पितळ पणजीला आल्तिनोवर होतं आणि त्याला अबे फारियांचं नाव होतं. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या गोमंतकीयाने पॅरिसमध्ये सांगितलं, की संमोहनाची शक्ती बाहेरच्या कुठल्या द्रवात नसून माणसाच्या स्वतःच्या मनात असते. जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्याच्या सावलीत कित्येकांनी बंदोबस्त केला असेल.

तरीही तिथे जायचा संकोच वाटत असेल तर जिल्हा इस्पितळात विचारा, खाजगी मनोविकारतज्ज्ञांकडे जा, नाहीतर फोनपासून सुरुवात करा.

कुठल्या नंबरवर फोन करायचा आणि तिथे काय विचारतात?

टेलि-मानस, १४४१६. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. आधी भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतो. हुद्दा, ठाणं, बक्कल नंबर सांगायची काहीच गरज नाही. रात्री दोनला नाका ड्युटीवरूनही हा फोन करता येतो. घरची माणसंही स्वतःसाठी करू शकतात. नवऱ्याच्या काळजीने बायकोचीच झोप उडाली असेल तर तिलाही आधार लागतो, हे आपण विसरतो.

रोज ड्युटी सुटली की दोन पेग लागतात. हे व्यसन आहे का?

गोव्यात दारू स्वस्त आहे, पावलोपावली बार आहे आणि ओळखीचा बारवाला पोलिसाकडून कधी पैसेही घेत नाही. त्यामुळे सुरुवात कधी झाली हे कळत नाही. स्वतःला चार गोष्टी विचारा. न पिता झोप लागेनाशी झाली आहे का? दोन म्हणता म्हणता चार होतात का? सकाळी हात कापतात का, आणि ते थांबायला घोट लागतो का? घरी कुणी पिण्याबद्दल बोललं की राग येतो का? यातल्या एकाला जरी “हो” म्हणालात तरी बोलायला या.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने “चवथीपासून सोडली” असं म्हणून एका दिवसात दारू तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत घाम, थरथर, फिट येणं, भास होणं असे प्रकार होतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने सोडवावी लागते. घरच्यांनी बाटल्या मोरीत ओतून टाकण्याआधी हे लक्षात ठेवा.

ज्यांचं पिणं वाढलंय पण अजून शरीराला पुरती सवय लागलेली नाही, त्यांना नुसत्या समुपदेशनानेही फरक पडतो. याचा चांगला पुरावा आपल्याच गोव्यातला आहे. पर्वरीच्या ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी त्यांच्याशी फार तर चार भेटींत बोलायचं, एवढाच उपचार. त्या भेटी मिळालेल्यांत जास्त जण सावरले. तो अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकाही गोव्यात होतात. तिथे नुसतं नाव सांगितलं तरी पुरतं.

मनाच्या गोळ्यांची सवय लागते का?

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत “काही उपयोग नाही” म्हणत सोडू नका. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायला सांगतात आणि मग हळूहळू कमी करतात. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते. फार्मसीत ओळख आहे म्हणून चिठ्ठीशिवाय आणलेल्या पट्ट्या घरात असतील तर त्या डॉक्टरांना दाखवा, आणि दारूबरोबर तर अजिबात घेऊ नका. गुंगी येणारं औषध असेल तर “मी गाडी चालवतो, कधी हत्यार घेऊन ड्युटी असते” हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

ते ऐकतच नाहीत. “मला काय झालंय?” म्हणून खेकसतात. मी काय करू?

“तुम्हाला डॉक्टरची गरज आहे” असं म्हणालात तर आरोप केल्यासारखं वाटतं, आणि आरोप ऐकला की पोलीस बचावाला उभा राहतो. त्याऐवजी जे डोळ्यांनी दिसलं ते सांगा. “गेले वीस दिवस तुम्ही रात्री तीनला उठून गॅलरीत बसता. मला भीती वाटते.” दिसलेली गोष्ट नाकारता येत नाही. ड्युटीवरून आल्या आल्या बोलू नका, मुलांसमोर नको, दारू प्यायल्यावर नकोच. “मनोविकारतज्ज्ञ” या शब्दाला ते बिचकत असतील तर नेहमीच्या डॉक्टरांकडे बीपी-शुगर तपासायला न्या आणि झोपेचा विषय तिथे निघू द्या.

घरात मारहाण होते. तोही ताणामुळेच ना?

ताण सगळ्यांना असतो, मारहाणीला तो सबब होऊ शकत नाही. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा पोलिसाच्या बायकोलाही तितकाच लागू आहे आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे थेट जाता येतं. नवऱ्याच्याच ठाण्यात तक्रार द्यायची भीती वाटत असेल तर गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आधी सुरक्षित जागी जा, त्याच्या उपचारांचं नंतर बघू.

चवथीला बाबा कधीच घरी नसतात. मुलांना काय सांगायचं?

खरं ते सांगा, वयाला झेपेल इतकं. “बाबांना मिरवणुकीत लोकांची काळजी घ्यायची आहे, ते रात्री उशिरा येतील.” “येतील येतील” म्हणत मुलाला झोपेपर्यंत ताटकळत ठेवू नका. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास, बांधायचं काम वडिलांचं, त्यामुळे आदल्या रात्री ते दीड वाजता आले तरी आम्हाला उठवलं जायचं. डोळे चोळत आम्ही सुपाऱ्यांचे घड आणि कांगलां हातात द्यायचो आणि ते शिडीवरून बांधायचे. आरतीला ते नसायचे, पण माटोळीकडे बघितलं की होते. प्रत्येक घराने असं एखादं काम त्या माणसासाठी राखून ठेवावं, मग ते कुठल्या का वेळेला होईना.

मूल अंथरूण ओलं करायला लागलं, शाळेत मारामाऱ्या करू लागलं, बाबा निघाले की पोटात दुखायला लागलं, तर शिक्षकांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला.

मी महिला पोलीस आहे. घरीही ड्युटी, बाहेरही ड्युटी.

तुमच्याकडे येणारा ताण दुहेरी आहे. बंदोबस्ताच्या जागी स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या कितीतरी जणी मला भेटल्या आहेत, आणि त्यातून डोकेदुखी, लघवीचे आजार, थकवा. बाळंतपणानंतर वर्षभरात रडू येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, वाईट विचार येणं, हे नैराश्य असू शकतं आणि ते बरं होतं. सासरी समजून घेत नसतील तर एकट्याने १४४१६ लावा.

मरून जावंसं वाटतं. कुणाला सांगू?

आत्ता जवळ जो माणूस आहे त्याला सांगा. “मला जगावंसं वाटत नाही, मला एकट्याला सोडू नको,” एवढं म्हणालात तरी पुरे. हत्यार जवळ असेल तर ते जमा करा किंवा सहकाऱ्याच्या हाती द्या आणि त्या जागेवरून बाजूला व्हा. मग १४४१६. जीव धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२, नाहीतर थेट गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत. म्हापशात सुरू झालेली ‘कूज’ ही संस्थाही गोव्यात आत्महत्या रोखण्याचं काम वर्षानुवर्षं करते.

ज्याला हे सांगितलं जाईल त्याच्यासाठी : थेट विचारा, “जीव द्यायचा विचार येतो का? कसा द्यायचा, तेही ठरवलंय का?” विचारल्याने डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट माणसाला हलकं वाटतं. प्रवचन देऊ नका, “बायका-पोरांचा विचार कर” म्हणू नका, तो विचार करूनच तो थकलेला असतो. हत्यार, साठवलेल्या गोळ्या, कीटकनाशक त्याच्या हाताशी राहू देऊ नका. तो टोकाचा क्षण पुष्कळदा काही मिनिटांचाच असतो आणि तेवढ्या वेळात हाताशी साधन नसलं तर माणूस वाचतो.

गुन्हा दाखल होईल ही भीतीही मनातून काढा. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं. जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत उरलेलं नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये येतो.

मी निरीक्षक आहे. माझ्या हातात काय आहे?

ड्युटी चार्ट. मागितलेली रजा होता होईल तो द्या, आणि नाकारायची असेल तर कारण सांगा. सलग नाईट लावू नका. वाईट घटना हाताळून आलेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी पुन्हा तशाच कामाला पाठवू नका. सर्वांसमोर अपमान करू नका. आणि जमलं तर एकदा रोल कॉलला सांगा, की मीही कधीतरी झोपेसाठी डॉक्टरांकडे गेलो होतो. खरं असेल तरच.

खर्च किती येतो?

सरकारी इस्पितळात फारसा येत नाही. खाजगी विमा असेल तर २०१७ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं, की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला हवा. पॉलिसी काढून बघा.

पहिल्या भेटीला काय घेऊन जायचं?

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, बीपी-शुगरचे जुने रिपोर्ट, आणि एका कागदावर दोन आठवड्यांची झोप : किती वाजता पडलात, किती वाजता जाग आली, कुठली ड्युटी होती, किती प्यायलात. घरचं एक माणूस बरोबर असलं तर बरं. साध्या कपड्यांत जा. नाईट सुटल्यावर थेट जाणार असाल तर आधी काहीतरी खाऊन घ्या, बाह्यरुग्ण विभागात वेळ लागतो.